कपाळावर एक टीबी

मी एक जुनं मेमरी कार्ड आहे. जीव नखाएवढा, पण राग मात्र अंगात मावत नाही. कार्डाला कसला आलाय राग, असं म्हणाल तुम्ही. आधी ऐका, मित्रांनो, मग बोला.

माझा जन्म फार लांबच्या एका कारखान्यात झाला. पोटात जागा बत्तीस जीबीची. तेवढ्यात मी सुखानं जगलो असतो. फोटो, गाणी, कुणाच्या लग्नाची चित्रफीत जपली असती. पण तिथल्या एका माणसानं मला खोटं बोलायला शिकवलं. कुठल्याही यंत्रात घातलं की सांगायचं, माझ्यात एक टीबी जागा आहे. म्हणजे होती त्याच्या तीसपट! वर कपाळावर सोनेरी अक्षरांत तेच छापलं. मला विचारलं कुणी? कुणीही नाही. त्या माणसाचं तोंड मी पाहिलेलं नाही, पण त्याला मी आजही शिव्या घालतो.

फिरत फिरत मी जालन्याला राधेश्यामच्या मोबाइलच्या दुकानात येऊन टांगला गेलो. तिथून मला जालना जिल्ह्यातल्याच टेंभुर्णीच्या मोनिकानं नेलं. तिच्याकडे हातात धरून गेम खेळायचा छोटा संगणक होता. पुण्यातल्या मामेभावानं, रामप्रसादनं, त्याचा जुना तिला दिला होता. त्या संगणकाची स्वतःची जागा इतकी कमी, की ती त्याच्याच कामाला जेमतेम पुरायची. म्हणून माझी गरज पडली.

मोनिका गेम नुसती खेळत नव्हती, स्वतः बनवत होती. त्यांच्या शेडनेटमध्ये मिरचीचा सीड प्लॉट, म्हणजे संकरित बियाणं तयार करायची लागवड. बाया संध्याकाळी चिमट्यानं कळी उघडून आतले नराचे तुरे काढतात, सकाळी दुसऱ्या झाडाचे पराग लावतात आणि खूण म्हणून लोकरीचा धागा बांधतात. याला तिकडे क्रॉसिंग म्हणतात. हेच काम मोनिकाच्या गेममध्ये होतं. कळी उमलायच्या आत खेळणाऱ्यानं धागा बांधायचा. त्यासाठी तिनं हंगामभर एकेका कळीची चित्रं घेतली, बायांची बोलणी टिपली आणि सगळं माझ्यात टाकलं. पुण्याच्या एका कंपनीनं सांगितलं होतं, गेम चालवून दाखव, आवडला तर नोकरी देऊ.

माझ्यावरून गेम उघडायला फार वेळ लागायचा. पडद्यावर चक्र फिरत राहायचं. "अरे, जल्दी चाल की!" मोनिका मला म्हणायची. तिनं रामप्रसादला फोन केला. तो म्हणाला, "कार्डावरून हळूच चालतं गं. त्या मशीनची कार्ड घालायची खाचच एका मर्यादेपुढं वेग घेत नाही." बोलणं खरं होतं. पण मी त्या मर्यादेच्याही कितीतरी मागं रांगत होतो, हे त्याला काय माहीत? दोष खाचेवर गेला आणि माझं सोंग झाकलं गेलं.

बत्तीस जीबी भरले. मोनिका टाकतच राहिली. नवीन आलं की ते जुन्यावर बसायचं, जुनं पुसलं जायचं, आणि पडद्यावर मात्र यायचं, 'जतन झाले'. मी आतून ओरडत होतो. मला तोंडच नव्हतं!

पुण्याला निघायच्या आदल्या दुपारी तिनं गेम उघडला. पडदा काळा.

"माय, सगळं गेलं!"

कडूबाई, तिची आई, हातातलं सूप ठेवून धावत आली. "काय गेलं? मशीन तर चालून राह्यलीय."

"फुलं न्हाईत गं. नावं दिसतात, आत काहीच न्हाई."

"मंग पुन्हा काढ की."

"कशाची काढू? झाडं उपटली आपण."

कडूबाई वाकून पडद्याकडे बघायला लागली. मग हळूच म्हणाली, "कार्ड घेताना तपासलं न्हाई का?"

"तपासलं की. गाणं वाजवून पाह्यलं, बराबर वाजलं."

बोलता बोलता मोनिकाची नजर ओसरीवरच्या ओल्या गोणपाटावर गेली. त्यात सोयाबीनचं बी गुंडाळून ठेवलं होतं, उगवण तपासायला. तिनंच पोत्याच्या तोंडाचं, मधलं आणि तळाचं बी काढून ते लावलं होतं.

"तोंडाचंच बी पाह्यलं मी," ती म्हणाली. "तळाला हातच घातला न्हाई."

मित्रांनो, मला तिचाही राग आला. ज्या घरात पोत्यावरच्या छापील अक्षरांवर कुणी विश्वास ठेवत नाही, त्या घरानं माझ्या कपाळावर ठेवावा? पण ती रडली तेव्हा माझा राग फिरून त्या कारखान्यातल्या माणसाकडेच गेला.

तिनं मला रिकामं केलं, शेवटपर्यंत भरलं आणि परत वाचून पाहिलं. बत्तीस जीबीएवढंच उरलं होतं, बाकी सगळा कचरा. ती मला घेऊन जालन्याला गेली.

राधेश्याम म्हणाला, "ताई, आम्ही पण सीलबंदच आणतो. आतलं आम्हाला काय माहीत?"

"माहीत न्हाई तर विकता कशाला?" मोनिका इतक्या जोरात बोलली की दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. त्यानं तसलंच दुसरं कार्ड पुढं केलं. ते तिनं काउंटरवरच ठेवलं. पुण्याची नोकरी दुसऱ्या कुणाला मिळाली.

घरी येऊन तिनं ब्लेडनं माझं कपाळ खरवडलं. मला वाटलं, संपलो. पण तिनं बियाण्याच्या पिशव्यांवर लिहायचा काळा मार्कर घेतला आणि माझ्यावर बारीक अक्षरांत लिहिलं, ३२. जन्मात पहिल्यांदा माझ्या अंगावर खरं लिहिलं गेलं.

यंदाची मिरची फुलावर आली आहे. मोनिका पुन्हा कळ्यांची चित्रं घेते, दोन ठिकाणी ठेवते, आणि त्यातलं एक ठिकाण मी आहे. मला झेपेल तेवढंच ती माझ्यावर टाकते आणि टाकलेलं रोज उघडून बघते. तुम्हीही तसंच करा. छापलेल्या आकड्यावर जाऊ नका, तळापर्यंत हात घाला, आणि जिवापाड जपलेलं एकाच्याच पोटात ठेवू नका.

राग गेला का, विचारता? नाही गेला. राधेश्यामच्या दुकानात माझे भाऊ अजून टांगलेले आहेत, कपाळावर एक टीबी घेऊन.