यिशुनला नेलेलं कल्हईचं पातेलं

२०१३च्या जूनमध्ये शेजारच्या देशातल्या पेटलेल्या रानांचा धूर सिंगापूरवर आला, आणि त्याच महिन्यात आमच्या अवनीचं पोट दुखायला लागलं. मी तेव्हा तिथेच, यिशुन भागात मुलाकडे, सारंगकडे होते. अवनी माझी नात, चार वर्षांची. जेवेना, उगाच चिडायची. तपासण्या झाल्या आणि रक्तात शिसं निघालं. मग पॉलिक्लिनिकने, म्हणजे जवळच्या दवाखान्याने, सरकारी हॉस्पिटलच्या एका खास विभागात पाठवलं. लहान मुलांना हवा, पाणी, घरातल्या वस्तू यांतून काय बाधतं, एवढंच तिथे बघायचे. एवढ्याशासाठी सरकारने वेगळे डॉक्टर नेमावेत, याचं मला हसू आलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शिसं कुठून येतंय ते शोधू. ते थांबलं की ही बरी होईल. नाही थांबलं तर मेंदूवर परिणाम होईल."

माझं हसू तिथेच संपलं.

घरी सुनेने, ऋताने, पहिला संशयित पकडला. "जुरोंग आयलंडवरच्या केमिकल कारखान्यातले तुझे कपडे. उद्यापासून दारातच उतरवायचे."

"शेजारी काय म्हणतील?" सारंग म्हणाला.

"म्हणतील, बायको कडक आहे."

"आणि तू पाया लेबारच्या दुकानांतून स्वस्तात आणतेस ती रंगीत खेळणी?"

मी सगळा दोष धुरावर घातला. धुराच्या बाजूने बोलायला कोणी नव्हतं.

विभागातल्या सिस्टर लिम यादी घेऊन घरी आल्या. काजळ, हळद, देवापुढचं कुंकू, सगळ्यांचे नमुने त्यांनी पुड्यांत भरले. मग मला विचारलं, "आजी, इंडियातून स्वयंपाकाचं भांडं आणलंय?"

मी मान हलवली. नाही.

आणलं होतं. पितळी पातेलं, माझ्या कपाटात, साडीत गुंडाळलेलं. ऋताला त्यात मनी प्लांट लावायचा होता, म्हणून मी ते लपवलं होतं. दोघं कामावर गेली की त्यात चिंचगुळाची आमटी करायची, शाळेतून आलेल्या अवनीला भातावर वाढायची, आणि पातेलं घासून परत कपाटात.

"आजी, don't tell Mummy lah," अवनी बजावायची.

पितळेत आंबट कळकतं हे मला कोणी शिकवायला नको. म्हणून तर निघण्याआधी ताजी कल्हई करून घेतली होती. कल्हई केलेलं भांडं कसं बाधेल? त्यामुळे खोटं बोलल्याचंही मला फारसं वाटलं नाही.

महिन्याने रक्तातला आकडा वाढलेला निघाला. सारंग दारात कपडे बदलत होता, खेळणी गेली होती, तरी वाढला. त्या संध्याकाळी ऋता न्हाणीघरात नळ सोडून रडली. नळाच्या आवाजातूनही ऐकू येत होतं. तेव्हा मला कल्हईवाला आठवला. म्हणाला होता, "शुद्ध कथील मिळत नाही हो आजी. थोडं इकडचं-तिकडचं घालतो, पण चमक बघा!" आणि मी चमक बघितली होती.

पुढच्या भेटीला मीही गेले आणि पातेल्याभोवतीची साडी सोडून ते टेबलावर ठेवलं. सिस्टर लिमनी त्याला पिस्तुलासारखं यंत्र लावलं, आकडा बघितला आणि म्हणाल्या, "Wah! कल्हईत शिसंच शिसं!"

"म्हणजे मी महिनाभर चड्डीवर उभा राहिलो तो उगाच?" सारंग म्हणाला.

ऋताने पातेलं जवळ ओढून आत बघितलं. मला वाटलं, परतीचं तिकीट निघालं. ती म्हणाली, "आई, उद्यापासून आमटी स्टीलमध्ये. आणि मलाही ठेवा."

आकडा उतरायला वर्ष लागलं. पातेलं विभागातच राहिलं, नव्या नर्सना दाखवायला. सिस्टर लिम पुढे निवृत्त होऊन मलाक्काला बहिणीकडे गेल्या. डॉक्टरीणबाई अजून तिथेच आहेत. सारंगने नोकरी बदलली, आता शहरात जातो. ऋता आमटी माझ्यापेक्षा बरी करते, असं सारंग म्हणतो, मी म्हणत नाही. मी २०१५ला पुण्याला परतले. अवनी आता दहा वर्षांची आहे, पोहण्यात शाळेत पहिली. फोनवर मी मराठीत पाच वाक्यं बोलले की ती एक "okay" देते.