गच्चीवरचे पाणी

"हात वर कर. दोन्ही. अरे, दुसरासुद्धा."

अनयने आइस्क्रीमने चिकट झालेले हात वर केले आणि गुरुप्रसादने त्याचा शर्ट डोक्यावरून ओढून काढला. सकाळ मॉलमध्ये गेली होती. कतारच्या उन्हाळ्यात मुलांना पळायला मोकळे मैदान म्हणजे मॉलच. तीन वर्षांचा अनय तिथल्या गुळगुळीत फरशीवर मनसोक्त लोळला होता, नऊ वर्षांची नुपूर बर्फावर स्केटिंग करून आली होती आणि ईश्वरीने बाकावर बसून सगळ्यांचे बूट सांभाळले होते.

ईश्वरी ही सुहासिनीची धाकटी बहीण. सुहासिनी, गुरुप्रसादची बायको, जानेवारीत गेली. ईश्वरी खरे तर मुलांना नाशिकला न्यायला आली होती, पण गुरुप्रसादने तिच्याकडून ही एक सुट्टी मागून घेतली होती. साठवलेली सगळी रजा त्याने या उन्हाळ्यावर लावली होती. एवढे दिवस मुले एकट्याने नीट सांभाळता आली तर ती इथेच, उम्म सलाल मोहम्मदमधल्या या घरात राहतील. नाही जमले तर नाशिक. "मी आठवडाभर नुसती बघते," एवढेच ईश्वरी म्हणाली होती.

गुरुप्रसाद वायूच्या कारखान्यात तापमान आणि दाब मोजणारी उपकरणे तपासत असे. अंदाजावर त्याचा विश्वास नव्हता, आणि दिलाशावर त्याहून कमी. आई कुठे गेली असे अनयने विचारले, तेव्हा आईचे हृदय बंद पडले, ती आता कुठेच नाही, असे त्याने सरळ सांगून टाकले होते. ते ऐकून ईश्वरी फोनवरच रडली होती.

"भाऊजी, एवढ्याशा पोराला असं सांगतात का हो? देवाघरी गेली म्हणायला काय जातं तुमचं?"

"तो पत्ता विचारेल," गुरुप्रसाद म्हणाला होता.

त्याने निळा नळ उघडला, पाणी तळहातावर घेतले. गार होते. मनगटावर घेतले, तेही गार. मगच त्याने हँडशॉवर अनयच्या पाठीवर धरला.

अनय किंचाळला. गुरुप्रसादने नळ ताबडतोब बंद केला, पण तेवढ्यात खांद्यापासून कमरेपर्यंत कातडी लालभडक झाली होती. नुपूर धावत दारात आली.

"बाबा, नॉट द ब्लू वन!" ती ओरडली. मग तिने लाल नळ सोडला आणि भावाला हाताला धरून त्याखाली उभे केले. "धिस इज कोल्ड. आई नेहमी हाच लावायची."

"पण गिझर—"

"तो मी ऑफ केलाय. मेमध्येच. आई करायची तसा."

झाले कसे, ते समजायला क्लिनिकपर्यंतचा रस्ता पुरला. हातावर घेतले ते पाणी भिंतीतल्या नळीत, एसीच्या गारव्यात थांबलेले होते. त्याच्यामागून आले ते गच्चीवरच्या टाकीतले, उन्हात तापलेल्या नळीतून उतरलेले. उन्हाळा लागला की इथल्या घरांतून गिझर बंद करतात; मग त्याच्या पोटातले पाणी घराच्या गारव्यात निवते आणि लाल नळ हाच गार पाण्याचा नळ होतो. गुरुप्रसाद इतकी वर्षे पहाटे अंघोळ करून कामावर जात आला होता. त्या वेळी टाकीही निवलेली असे. अनयलाही तो एरवी उठल्याउठल्याच अंघोळ घाली. पाणी त्याने तपासले नव्हते असे नाही. नमुना चुकीचा घेतला होता. कारखान्यात एखाद्या नवख्याने असा नमुना आणला असता तर त्याने तो टाकून द्यायला लावला असता.

क्लिनिकमधल्या मल्याळी नर्सने मलम लावता लावता विचारले, "मम्मी किधर है?"

"नहलाया मैंने था," गुरुप्रसाद म्हणाला. तिने विचारले होते ते हे नव्हते; पण तिने पुन्हा विचारले नाही. भाजणे वरवरचे होते. फोड फोडू नका, काही दिवस पाठ कशाला टेकू देऊ नका, असे तिने सांगितले.

घरी अनय पालथा झोपला. ईश्वरीने चहा केला आणि दोघे स्वयंपाकघरात समोरासमोर बसली.

"भाऊजी, मी काही बोलले का? मग असं तोंड करून बसू नका. कोणाच्याही हातून झालं असतं."

"तिच्या हातून झालं नसतं."

"ताईच्या हातून? ताईनं नुपूरचं बोट दारात चेंगरलं होतं, आठवतंय ना? आठ दिवस स्वतःच जेवली नव्हती बया." ईश्वरी हसली आणि हसता हसता पदराने डोळे पुसू लागली. "होईल हो सवय. मी आईला सांगते, मुलं इथे छान आहेत म्हणून."

तिने निकाल त्याच्या बाजूने दिला होता. हवे होते ते मिळाले होते. गुरुप्रसादने चहाचा कप उचलला, आणि तेवढ्यात नुपूर आत आली. ती त्याच्या खुर्चीला खेटून उभी राहिली.

"बाबा, डोन्ट सेंड अस. प्लीज. तुला जे माहीत नाही ना, ते सगळं मी सांगेन. अनयला दूध किती गरम लागतं, त्याचे कोणते कपडे कशात धुवायचे, सगळं. तू फक्त आधी मला विचारत जा. ओके?"

"आणि तुझा अभ्यास? खेळणं?"

"ते मी नंतर करेन," नुपूर म्हणाली. "आय कॅन मॅनेज."

आवाज मुलीचा होता; वाक्य तिच्या वयाचे नव्हते. मे महिन्यापासून, कोणी न सांगता, ती या घराची बटणे बंद-चालू करत आली होती, आणि उपकरणे तपासणाऱ्या माणसाला त्याचा पत्ताही लागला नव्हता. आजचे भाजणे आठवड्यात बरे होणार होते. दुसरे जे चालले होते त्यावर मलम नव्हते. तिने घर चालवले असते. चांगले चालवले असते. त्याचीच त्याला भीती वाटली.

"ईश्वरी," तो म्हणाला, "दोघांचीही तिकिटं काढ."

"भाऊजी!"

"तिथं तू आहेस, आजी आहे. घर कसं चालवायचं, ते तिथं कोणी तिला विचारणार नाही."

नुपूरने खुर्चीवरचा हात काढून घेतला. तिने वाद घातला नाही. वाद घालण्याचे वयही तिने बहुधा मे महिन्यातच मागे टाकले होते.

निघण्याच्या आदल्या दिवशी, सूर्य मावळल्यावर, ती सगळी द पर्लला, बोटींच्या धक्क्यावर, फिरायला गेली. समुद्र तिथे आहे म्हणून जायचे. वारा असतो असे नाही. हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटत होती. बोटींवर दिवे लागले होते, आणि नुपूर कठड्यापाशी उभी राहून मावशीला प्रत्येक बोट इंग्रजीतून समजावून सांगत होती.

"अगं, मराठीत सांग की, भवाने," ईश्वरी म्हणाली. "तिकडे आजीला काय हे सगळं येस-नो करून सांगणार?"

नुपूर खुदकन हसली. बऱ्याच दिवसांनी.

अनयला बाबागाडीत बसवले, तर पाठ टेकताच तो रडू लागला. गुरुप्रसादने हात पुढे केले. पण अनयने मान फिरवून मावशीकडे झेप घेतली आणि तिच्या खांद्यावर पालथा पडून झोपून गेला. ईश्वरी ओशाळली. "झोप आली होती म्हणून हो," ती म्हणाली, आणि नुपूरचा हात धरून पुढे चालू लागली.

रिकामी गाडी ढकलत गुरुप्रसाद मागून चालला. गाडीचा टप पुढे ओढलेला होता. गर्दी चांगलीच होती, पण बाबागाडी पाहून माणसे आपणहून बाजूला होत, त्याला वाट देत. समोरून आलेली, काळ्या पायघोळ अबायातली एक म्हातारी त्याच्याकडे पाहून हसली.

"माशाल्ला," ती म्हणाली आणि बाळ पाहायला टपाखाली वाकली.

ती वाकलेलीच राहिली, थोडा वेळ.

"शुक्रन," गुरुप्रसाद म्हणाला. तिने वाट दिल्यावर त्याने गाडी हळूच पुढे घेतली.