थोरलीच्या गावावरचे ढग

प्रादेशिक हवामान कार्यालयात त्या दिवशी धाकटीची दुपारची पाळी होती. ऑफिसात तिला सगळे मॅडम म्हणत, पण घरी वडिलांच्या तोंडी ती अजून धाकटीच. तिच्या खोलीला एकच खिडकी, तीही फायलींच्या कपाटाने अर्धी झाकलेली. "सगळ्या जगाला आभाळ सांगायचं आणि आपल्याला दिसायचं नाही," हे साहेबांचं ठरलेलं वाक्य प्रत्येक नव्या माणसाला ऐकावं लागे.

रडार दुरुस्तीसाठी बंद होतं, आणि उपग्रहाच्या चित्रात डोंगराकडे ढगांचा एक गठ्ठा फुगत चालला होता. तो तिथेच गडगडून विरणार की गारा घेऊन शहरावर उतरणार, काही कळेना. डोंगरातल्या गावात बसवलेलं यंत्रही नेमकं मुकं झालेलं.

"मैदानावर शाळांच्या स्पर्धा चालू आहेत," साहेब म्हणाले. "उगाच इशारा दिला तर लोक आपल्या नावाने खडे फोडतील. नाही दिला आणि गारा पडल्या तर पोरांची डोकी फुटतील. वर त्या गावात कुणी ओळखीचं आहे का?"

ओळखीचं होतं. धाकटीची सख्खी थोरली बहीण तिथेच राहायची. तिची रोपवाटिका होती, हौसेने बांधलेलं काचघर होतं. पण दोघींचं बोलणं बंद होतं. आई गेल्यावर वडिलांनी कुणाकडे राहायचं यावरून वाजलं होतं. ते धाकटीकडे गेले, आणि थोरलीने मनाशी धरलं की हिनेच त्यांचे कान भरले. धाकटीला याचा राग, की ताईने माझ्याबद्दल असं मनात आणावंच का. वडील दोघींशी बोलत आणि एकीचं दुसरीला सांगत नसत.

धाकटीने ऑफिसच्या फोनवरून नंबर फिरवला. तो तिला पाठ होता.

"ताई, मी बोलतेय."

 "बाबा बरे आहेत ना?" थोरलीने आधी विचारलं.

"बरे आहेत. कामाचा फोन आहे. आमचं रडार बंद आहे. तुझ्याकडे आभाळ कसं आहे, बघून सांग."

"इतक्या दिवसांनी फोन, आणि तोही आभाळाची चौकशी करायला."

"हो."

पलीकडे दार करकरल्याचं ऐकू आलं.

"काळं आहे," ती म्हणाली. "पण नेहमीचं काळं नाही. खालून हिरवट दिसतंय, शेवाळल्यासारखं."

"वारा?"

"पान हलत नाही. थांब, आता सुटला. चांगलाच गार आहे."

आणि पत्र्यावर कुणी खडीची पाटी ओतावी तसा आवाज आला.

"गारा," थोरली आवाज चढवून म्हणाली. "बोराएवढ्या. छे, लिंबाएवढ्या."

"ढग कुठे सरकतोय?"

"तुमच्याकडेच. नदीच्या अंगाने." तिच्यामागे खळकन काच फुटली, लगोलग दुसरी.

"ताई, आत जा."

"तुला आणखी काय विचारायचंय ते विचार. फुटायचं ते फुटतंच आहे."

विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. धाकटीने इशारा लिहिला, साहेबांनी एकदा वाचून लगेच सोडला आणि स्वतः मैदानावर फोन लावला. पोरं सभागृहात कोंबली गेली. शेवटची रांग आत शिरते न शिरते तोच मैदान पांढरं झालं. गाड्यांच्या काचा गेल्या, मंडप भुईसपाट झाला, पण कुणाला खरचटलंसुद्धा नाही. संध्याकाळी एका पालकाचा फोन आला, बक्षीस समारंभाची शोभा गेली म्हणून. साहेबांनी तो शांतपणे ऐकून घेतला.

पाळी संपल्यावर धाकटीने परत डोंगरात फोन केला.

"अर्धं काचघर गेलं," थोरली म्हणाली. "एक गार खांद्यावर बसली. सूज आहे, बाकी ठीक." मग, "ते रडार चालू असतं तर तू फोन केला नसतास."

थाप मारणं सोपं होतं. "नसता केला," धाकटी म्हणाली.

"मीपण नसता केला." आणि थोरलीला हसू फुटलं. "एकाच माळेचे मणी आपण दोघी."

सुट्टीच्या दिवशी धाकटी वडिलांना घेऊन वर गेली. ते काचघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसले आणि फुटक्या काचा आवरणाऱ्या दोघींना हुकूम सोडू लागले. थोरलीने खांदा चोळत अखेर विचारलंच, "बाबा, तेव्हा तुम्ही हिच्याकडे का गेलात?"

"दवाखाना जवळ म्हणून," वडील म्हणाले. "दुसरं काय?"

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"कुणी विचारलं मला? तुम्ही दोघी आपसातच भांडत होतात."

 मग थोरलीने धाकटीच्या हातात झाडू दिला.

"कोपऱ्यापासून काढ," ती म्हणाली. "तू नेहमी मधलंच झाडतेस."