उलटी गुंडाळलेली पट्टी

हौशी रेडिओवर बोलणाऱ्या मिझोगुचींच्या पत्राला शिगेयोशींनी तीन वर्षे उत्तर दिले नव्हते. सगळ्यांचे बोलणे झेलून खाली परत पाठवणारा एकच उपग्रह दोघेही वापरत. पत्र चारच ओळींचे होते. 'उपग्रहावर तुमचा आवाज फार जोरात येतो. त्याखाली आम्हा बॅटरीच्या छोट्या संचवाल्यांचे आवाज दबतात. राग मानू नये. पण एकदा तुमची ऐकायची बाजू तपासावी.'

राग त्यांनी मानलाच. चाळीस वर्षे हौशी रेडिओ चालवणाऱ्याला कान तपासायला सांगतो म्हणजे काय! उपग्रहच बहिरा झालाय, असे ते क्लबात सांगत राहिले. स्वतःचा आवाज वरून परत ऐकू येईना, म्हणून संचाची शक्ती वाढवत राहिले.

वादळाने वाकलेला अँटेना सरळ करायला आज ते छपरावर चढले. ऐकायच्या वायरीचा जोड उघडला, तर आतून हिरवट पाणी ओघळले.

"अहो, काय झालं?" खालून बायकोने, किनुएने विचारले.

"पाणी गेलंय जोडात. मीच चिकटपट्टी वरून खाली गुंडाळली. खालून वर न्यायची असते, कौलं चढवतात तशी."

"पस्तीस वर्षं गावाच्या नळांची गळती शोधलीत, आणि घरच्या छपरावर हे!" ती हसली. मग त्यांचा चेहरा बघून शिडी धरून उभी राहिली.

नवा जोड बसवून दुपारी ते संचापाशी बसले. उपग्रह नेहमीसारखा दहा मिनिटांसाठी डोंगरावर आला. थोड्याशा शक्तीवर बोलले, तर स्वतःचा आवाज लख्ख परत आला. आणि आजूबाजूला कितीतरी बारीक आवाज, कधीच न ऐकलेले.

"मिझोगुची आहेत का?" त्यांनी विचारले.

"ते कुठले आता!" हाकोदातेचे हिरायामा म्हणाले. "संच विकला त्यांनी. म्हणाले, तोंड उघडलं की कुणीतरी अंगावर येतंच. कोण होता कुणास ठाऊक, रेडाच नुसता."

शिगेयोशींनी बोलायचे बटण दाबले, सोडले. मग पुन्हा दाबून ते म्हणाले, "तो मीच."

पण तोवर उपग्रह डोंगराआड गेला होता. त्यांचा आवाज परत आला नाही. म्हणजे कोणालाच ऐकू गेला नव्हता.

मग ते पत्र लिहायला बसले. पहिल्या मसुद्यात पट्टीचीच हकीकत दीड पान झाली. ती त्यांनी फाडली. दुसऱ्यात वादळ, वय, डोळे आले. तेही फाडले. शेवटी उरले ते एवढेच : 'तुमचे बरोबर होते. तुम्हाला गप्प बसवणारा मी. क्षमा असावी.'

"जेवून टाका की," किनुए म्हणाली.

"नको. जेवलो तर पुन्हा वाचेन."

चपला घालून ते कोपऱ्यावरच्या लाल पेटीपर्यंत गेले आणि पाकीट आत सोडले.