एका नामाची हवा

कीर्तनात बुवा उभे राहिले की आधी मागे वळून बघतात. बुवांचा गळा कितीही गोड असो, ध्रुवपद उचलून झील धरणारा मागे नसला तर अभंग ओसाड वाटतो. माझी झील धरणारा होता लालसू. फक्त तो मागे नव्हता, माझ्या आधीच्या पाळीत होता.

मी डोमा. गाव चामोर्शीकडे, वैनगंगेच्या काठावर, मासे धरणाऱ्यांचं. बायको, गिरजा, गेली तेव्हा जाळं भावाच्या हाती दिलं आणि गडचांदूरला आलो. नऊ वर्षं झाली, चुनखडीच्या खाणीत डंपर चालवतो. खोलीवर एक चूल, एक तसबीर आणि मी. दिवसभरात चार शब्द बोललो तर पुष्कळ झालं.

डंपर एक, माणसं दोन. सकाळची पाळी लालसूची, दुपारची माझी. तो एटापल्लीच्याही पलीकडच्या जंगलातला, साग वाढावा तसा उंच गडी. दोन वर्षांत आमची धड भेट चारदा झाली असेल. दीड वाजता त्याची पाळी संपायची. मग खाणीत सुरुंग उडवायचे म्हणून माणसं, गाड्या, सगळं बाहेर. तीनला भोंगा झाला की मी चढायचो, तोवर त्याची बस निघून गेलेली असायची.

तरी आमची ओळख होती. उन्हाळ्यात डॅशबोर्डवर पळसाच्या पानात टेंभरं, तेंदूची पिकली फळं, ठेवलेली असायची. मी त्याच्यासाठी फुटाण्यांची पुडी ठेवायचो. आमच्या गावच्या बुवांची कीर्तनं भरलेला पेनड्राइव्ह मी गाडीतच ठेवला होता. त्याने बंद केलं असेल तिथून ते माझ्या पाळीत पुढे सुरू व्हायचं, आणि दरवेळी आख्यान अर्ध्यावर आलेलं असायचं. एकदा गेटवर भेटला तेव्हा मी विचारलं, "काऊन रे, पूर्वरंगातला उपदेश आईकतच नाई का?"

"तो तुमच्यासाठी ठेवतो, डोमाभाऊ," तो हसला. "मले गोष्ट पायजे. आमचा देव झाडात गप बसून राह्यते. तुमचा लय बोलते बाप्पा!"

आता सीटबद्दल सांगतो. आमच्या डंपरच्या सीटखाली रबराचा फुगा आहे, त्यात हवा. खाणीच्या रस्त्यावर पूर्वी मणके खुळखुळ्यासारखे वाजायचे. हवेची सीट आली आणि धक्का फुग्यातच जिरायला लागला. बाजूला बटण असतं. वर दाबलं की 'सुंई' करून हवा भरते, खाली दाबलं की निघते. ज्याच्या त्याच्या वजनाप्रमाणे भरावी लागते. लालसू माझ्यापेक्षा थोडा हलका, म्हणून मी बसलो की सीट जराशी दबायची. बटण दाबून एकदा 'राम कृष्ण हरी' म्हणायचं, तेवढ्यात सीट जागेवर. नामही झालं, कामही झालं.

दिवाळीनंतर एका नामात भागेना. दोन लागायला लागली. संक्रांतीला तीन. फाल्गुनात तर मी बसलो की सीट थेट तळाला टेकायची आणि चार नामं घेतल्याशिवाय वर यायची नाही. मी वर्कशॉपमध्ये तक्रार दिली, की फुगा गळतो.

ललिता आली. आयटीआय शिकलेली मेकॅनिक, हाताने तरबेज आणि तोंडाने त्याहून. तिने फुग्यावर, नळीवर, जोडावर साबणाचं पाणी ओतलं आणि उकिडवी बसून बघत राहिली.

"एक बुडबुडा नाई आला, डोमाभाऊ. सीट चांगली हाये. तुमचंच पोट वाढलं असन."

"शाऐंशी किलो हावो मी. दोन सालापासून शाऐंशीच."

"मंग उतरा, मी बसून पाह्यतो." ती सकाळच्या पाळीने ठेवलेल्या हवेवरच सीटवर बसली, वरखाली हलली आणि थांबली. "मले तर बराबर होते ही सीट."

"तुले?"

"मी पन्नास किलोची. तुमच्या आधी माझ्याएवढंच कोणी बसून राह्यलं." तिच्या आवाजातली थट्टा निघून गेली. "पण सकाळी तर लालसूभाऊ असते ना?"

त्या दिवशी पाळीत मी कीर्तन लावलं. आदल्या रात्री मी जिथे थांबवलं होतं, तिथूनच ते सुरू झालं. मग आठवून पाहिलं, तर कितीतरी दिवसांपासून असंच होत होतं. लालसूने गोष्ट ऐकणं सोडलं होतं आणि मला पत्ताही नव्हता.

आता खरं ते लिहितो. मी आठ दिवस गप्प बसलो. खाणीत अंगाने झिजलेल्या माणसाला आधी डंपरवरून उतरवतात, मग दवाखान्यात पाठवतात. तो उतरला तर माझ्या आधीच्या पाळीत कोण येईल, टेंभरं कोण ठेवील, याचीच चिंता मला जास्त होती. रोज चार नामं घ्यायचो आणि गाडी चालू करायचो. देवाचं नाव घेऊन केलेलं ते पाप होतं.

नवव्या दिवशी वळणावर मला टायरचे ताजे वण दिसले. कडेला मुरमाचा बांध घातलेला आहे, त्याच्या पलीकडे चाळीस फूट खड्डा. वण बांधाच्या अर्ध्यापर्यंत चढले होते. ते आमच्याच टायरचे होते.

दुसऱ्या दिवशी मी एक वाजताच खाणीवर गेलो. लालसू डंपरवरून उतरला तो शिडीला धरून, एकेक पायरी मोजत, खोकत. सदरा खुंटीला टांगल्यासारखा दिसत होता.

"काऊन लवकर आले, डोमाभाऊ?"

"तुले पाहाले."

"पाह्यलं ना? आता जाऊ द्या, बस निंगून जाईन."

मी त्याचा हात धरला. मनगट माझ्या मुठीत मावून जागा उरली. "कधीपासून खोकून राह्यला?"

"धूळ हाये. तुमी नाई खोकत का?"

"माझी सीट खाली बसते, लालसू."

तो समजला. सुरुंगाचा भोंगा वाजला तसे आम्ही शेडमध्ये जाऊन बसलो. जमीन हादरली, पत्र्यावरून धूळ पडली. मग तो म्हणाला, "दोन महिने थांबा. तोवर जडीबुटीनं बरा होतो. कोणाले सांगू नका, भाऊ. तुमाले दुसरा जोडीदार भेटीन, मले दुसरा डंपर नाई भेटत."

"काल बांधावर चाक चढलं होतं ना?"

"डोये लागले होते," तो एवढंच म्हणाला. त्याची बस तोवर गेली होती.

मी त्याच्या समोरच उठून फोरमनकडे गेलो. पाठीमागे सांगितलं असतं तर सोपं गेलं असतं, पण ते झालं नसतं माझ्याच्याने. परत आलो तेव्हा तो शेडमध्ये नव्हता. तीनला डंपरवर चढलो. फुटाण्यांची पुडी न सोडता तशीच पडली होती. नेहमीप्रमाणे सीटवर बसलो आणि खाली जाणार म्हणून अंग सैल सोडलं, पण सीट खाली गेली नाही. माझ्या वजनाची पुरी हवा भरून ठेवली होती. मी फोरमनकडे बोलत होतो तेवढ्या वेळात तो पुन्हा शिडी चढला असणार. माझी सोय करून गेला की माझ्याशी बोलणं संपवून गेला, हे मला आजही कळलेलं नाही.

तपासणीत त्याला टीबी निघाला. सहा महिन्यांची औषधं घेऊन तो गावी गेला. माझा निरोप घेतला नाही.

त्याच्या जागी आलेला माणूस माझ्याच अंगाचा, पंच्याऐंशीचा. चांगला आहे, नमस्कार करतो. मी चढतो तेव्हा सीट आयती तयार असते, बटणाला हात लावावा लागत नाही. कीर्तन मी थांबवतो तिथेच थांबलेलं असतं, दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे जातं. पूर्वरंगही मीच ऐकतो आणि आख्यानही मीच.

वैशाखात एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला. एकच आकडा, ४९. मी फोन लावला तर एक बाई बोलल्या, "मी मीराबाई, इथली आशा वर्कर. लालसूभाऊनं पाठवाले सांगतलं. वजन हाये त्याहिचं."

"तो हाये का तिथी? द्या ना त्याले."

पलीकडे कुजबुज झाली. "नाई म्हणते, भाऊ. फक्त वजन सांगा म्हणते."

ज्येष्ठात ५२ आला. आषाढात ५५. आकड्याशिवाय एक अक्षर नाही. मीही परत फोन केला नाही. मागून घेतलेलं बोलणं मला नको होतं.

पण पहिला आकडा आला तेव्हापासून मी एक करतो. तीनचा भोंगा झाला की सीटवर बसण्याआधी बटण खाली दाबतो आणि भरलेली हवा सोडतो, त्याच्या त्या महिन्याच्या वजनाला, आता पंचावन्न किलोला, लागते तितकी ठेवून. अंदाजच तो, पण हात आता बसला आहे. मग बसतो. सीट मला घेऊन खाली जाते आणि मी बटण वर दाबतो.

राम कृष्ण हरी. राम कृष्ण हरी. राम कृष्ण हरी.

आज तीन झाली. वैशाखात चार होती.