न चढवलेलं काम

अर्धांगवायूने बाबांची वाचा गेली, तेव्हा दादाने त्यांच्यासाठी टॅबवर एक प्रोग्रॅम लिहिला. बाबांनी पापणी मिटली की पडद्यावरचं अक्षर धरलं जाई आणि जुळलेले शब्द टॅब मोठ्याने बोले. बाबांचं पहिलं वाक्य काय, तर ‘चहा पांचट आहे’. घर हसून हसून लोटपोट झालं होतं.

दादा गेला, तरी बाबा बोलत राहिले. मग एका सकाळी टॅबने आपणहून अपडेट घेतलं आणि प्रोग्रॅम उघडेनासा झाला.

दादाची धाकटी बहीण धावत आली. प्रोग्रॅम लिहिणं हा तर तिचा रोजचा धंदा. “घाबरू नकोस गं वहिनी. दादाचा मूळ कोड घेते, चार ओळी बदलल्या की झालं.” तिने दादाचं ऑनलाइन खातं उघडलं. तिथे प्रोग्रॅमचं नाव होतं आणि खाली एक ओळ, ‘काम चालू आहे’. बाकी सगळा ठणठणगोपाळ.

दादा नेहमी कळवायचा, ‘आजचं कमिट केलं.’ पण कमिट म्हणजे बदलाची नोंद, ती आपल्याच लॅपटॉपवर होते; वर, म्हणजे ऑनलाइन खात्यावर, चढवायला वेगळं पुश करावं लागतं. हे नवशिक्यालाही ठाऊक असतं. पण दादा पडला भिडस्त, कच्चं काम चारचौघांत मांडायची त्याला लाज. त्याने प्रत्येक बदल जिवापाड जपला, तो एकाच ठिकाणी.

“वहिनी, त्याचा लॅपटॉप?”

“तो शाळेला दिला ना, ताई. तुम्हालाच विचारून पुसला. तुम्ही म्हणालात, सगळं वर आहे, बिनधास्त पुसा.”

वहिनीच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

नवा प्रोग्रॅम लिहिता आला असता. पण नुसती थरथरणारी पापणी कोणती आणि बोलणारी कोणती, हे ओळखायला दादा दोन वर्षं बाबांच्या उशाशी बसला होता. बाबांकडे आता तेवढा वेळ नव्हता, डॉक्टरांनी ते स्पष्टच सांगितलं होतं.

“होईल ना नीट?” वहिनीने विचारलं.

“होईल,” धाकटी म्हणाली. खोटं बोलताना तिला स्वतःची किळस आली.

बाबांनी पापणी मिटली, उघडली, पुन्हा मिटली. थांबले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. धाकटी त्यांचा हात धरून “हो बाबा, हो” म्हणत राहिली. ते काय विचारताहेत, हे तिला ठाऊक नव्हतं.