डावा हात

"दुखलं की डावा हात वर करायचा. बोलायला जाऊ नका, मान हलवू नका. फक्त हात."

दातांच्या डॉक्टरीणबाईंचं ते सांगणं अजून माझ्या कानात आहे. सांगितलं होतं माझ्या मोठ्या जाऊबाईंना. मी आपली कोपऱ्यातल्या स्टुलावर, त्यांची पर्स मांडीवर घेऊन बसले होते.

जाऊबाईंच्या उजव्या बाजूच्या दाढा पूर्वीच गेलेल्या. चावायला उरली ती डावी बाजू, आणि तिथलीच वरची मोठी दाढ किडलेली. ही गेली की पुढे सगळं कुस्करून खायचं. ठणका त्यांनी किती दिवस अंगावर काढला, देव जाणे. आम्हाला कळलं ते गाल सुजल्यावर. या बाईच्या तोंडून दुखण्याचा शब्दच निघत नाही. तव्याचा चटका बसला तर हात नळाखाली धरून म्हणणार, "आज पाणी बरं गार आहे."

डॉक्टरीणबाईंनी आधी एक्स-रे दिव्यासमोर धरला. "दाढेच्या आत पोकळी असते, आणि तिथून बारीक वाटा मुळांच्या टोकापर्यंत जातात. त्या वाटांमध्ये नस असते. तुमची कीड तिथवर उतरली आहे. आपण खराब झालेलं काढायचं, वाटा धुऊन कोरड्या करायच्या आणि भरून बंद करायच्या. यालाच रूट कॅनॉल म्हणतात. दाढ तुमची तुमच्याकडेच राहते."

"काढूनच टाका ना," जाऊबाई म्हणाल्या, "तुमचा वेळ तरी वाचेल."

"माझा वेळ मी यासाठीच ठेवलाय."

"दुखेल का हो?" हे मी विचारलं. त्या विचारणार नव्हत्या.

"भुलीची सुई टोचताना चिमटा बसेल. मग दुखायला नको. घरी गेल्यावर दोन-तीन दिवस ठणकेल थोडं, गोळीने थांबेल. लोक रूट कॅनॉलला भितात ते ऐकीव गोष्टींनी. खरं दुखणं घेऊन तर ते इथे आलेलेच असतात."

भुलीचं औषध त्यांनी तळहातात धरून आधी कोमट केलं. गार औषध जास्त झोंबतं, म्हणाल्या. ओठ जड झाल्यावर दाढेभोवती रबराचा पातळ पडदा ताणून बसवला. आता तोंडात ती एकच दाढ दिसत होती, गादीवर ठेवलेल्या दागिन्यासारखी. दाढेला छोटं भोक पाडून त्यांनी केसाएवढ्या सुया आत फिरवायला घेतल्या. बाजूचं छोटं यंत्र टिकटिक करायचं. सुई मुळाच्या टोकाशी आली की टिकटिक जलद व्हायची आणि त्यांचा हात जागच्या जागी थांबायचा. मी पुष्कळ कसबी हात पाहिलेत. इतका हलका हात नाही पाहिला.

एकाएकी त्यांनी सुई बाहेर घेतली.

"ताई, दुखतंय तुम्हाला."

जाऊबाईंनी खुर्चीच्या दांड्यावरचा हात तसाच ठेवून मान हलवली. नाही.

"तुमच्या पायाचा अंगठा ताठ झालाय."

मी पाहिलं. एक चप्पल खाली पडली होती आणि अंगठा छताकडे बघत होता.

"होहं हहन," पडद्याआडून जाऊबाई म्हणाल्या. होतं सहन.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. खुर्ची जवळ ओढून म्हणाल्या, "तुमची सहनशक्ती पुढच्या वेळी घरी ठेवून या. मला ती नको, मला खबर हवी. आतलं थोडंच मला दिसतं, बाकीचं तुम्ही सांगायचं. एवढी भूल चढूनही एका जागी दुखतंय, म्हणजे तिथे आणखी एक वाट असेल, नस जिवंत असलेली. ती राहून गेली तर ठणका पुन्हा उठेल, आणि मग दाढ काढावीच लागेल. हात वर कराल?"

मान हलली. हो.

"आणि दाढेवर कॅप बसेपर्यंत येत राहाल? दुखणं थांबलं की लोक फिरकत नाहीत. आतून कोरलेली दाढ मग एखाद्या साध्या घासाला तडकते."

पुन्हा हो.

पुन्हा काम सुरू झालं. थोड्या वेळाने जाऊबाईंची बोटं दांड्यावरून किंचित सुटली, परक्या घरी पाणी मागावं तशी संकोचून. मग हात वर गेला. डॉक्टरीणबाई तिथल्या तिथे थांबल्या.

"छान. गालाकडे की टाळूकडे?"

जाऊबाईंनी बोटाने गालाकडे दाखवलं. भूल वाढवून, भिंगाचा चष्मा चढवून डॉक्टरीणबाई त्या बाजूला सुईच्या टोकाने चाचपत राहिल्या. बाहेर पुढचा पेशंट खोकत होता, त्यांना ते ऐकूच आलं नसावं. "ही बघा, इथे लपली होती," त्या म्हणाल्या, आपल्याशीच बोलल्यासारखं. रोज पोथी वाचताना माझं लक्ष चार ठिकाणी फिरून येतं. या बाई कुणाला कधी दिसणारही नाही अशा वाटेसाठी श्वास धरून बसल्या होत्या. मी मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला.

तात्पुरतं भरून त्यांनी बजावलं, "बधिरपणा जाईपर्यंत खाऊ नका, गाल चावला जाईल. आणि या बाजूने चावणं नको." पुढच्या खेपेला वाटा कायमच्या भरल्या गेल्या. ठणका गेला, सूज उतरली. राहिली फक्त कॅप.

कॅपच्या दिवशी सकाळी थोरल्या दिरांनी जाहीर केलं, की ऑफिसातले लोक जेवायला येणार आहेत. जाऊबाई विळीवर भाजी चिरत होत्या. मी देवापुढे पोथी घेऊन बसले होते. वाचन पुरं होईपर्यंत मी अवांतर बोलत नाही, हे माझं रोजचं व्रत घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

"आता दुखत नाही ना तुझं?" दीर जाऊबाईंना म्हणाले. "मग डॉक्टरीणबाईंना फोन कर, नंतर कधीतरी येते म्हणावं."

जाऊबाई नेहमीसारखं "बरं" म्हणणार, असं मला वाटलं. त्यांच्या वतीने सांगायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी ओळीवर बोट ठेवून थांबले. विळीच्या कडेला त्यांच्या पायाचा अंगठा ताठ झालेला दिसला. मग ओला डावा हात वर गेला, खांद्याच्याही वर.

दिरांना उमगेना. "काय गं? काय हवंय?"

"मला जायचंय. आजच."

"आणि स्वयंपाक?"

"भाजी चिरलीय. फोडणी तुम्ही घाला. मोहरी तडतडेपर्यंत धीर धरा, एवढंच."

"मला कुठे येतं ते?"

"हात भाजला तर नळाखाली धरा. पाणी गार आहे."

दीर माझ्याकडे बघू लागले. मी पोथीत डोकं घातलं. हसू लपवायला दुसरी जागा नव्हती.

जाऊबाईंनी हात पुसले, पर्स काखेत घेतली, चपला घातल्या. माझ्या वाचनात व्यत्यय नको म्हणून दाराची कडी अगदी हलक्या हाताने काढली आणि जिना उतरू लागल्या.